आलेले पत्र नीट वाचा

आजवर आपण पत्र कसे लिहावे ते शिकलो. आज आलेले पत्र कसे वाचावे ते शिकू. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, त्यात काय शिकायचं? अक्षरं ओळखता आली की झालं!" मलाही तसेच वाटत होते. पस्तीस वर्षे मी शाळेत मुलांना वाचायला शिकवले. पण पत्र खरोखर कसे वाचायचे, ते मला एका म्हाताऱ्या बाईने शिकवले. तीच गोष्ट सांगतो.

एक : चिठ्ठी आली

साकोलीपासून काही कोसांवर एक गाव आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत. गावाला तलाव आहे, धानाच्या बांध्या आहेत, शाळा आहे. सरकारी आरोग्य उपकेंद्रही आहे. त्याची इमारत चांगली पक्की आहे. पण त्या वर्षी दाराला बहुतेक वेळ कुलूपच असे.

रोवणीचे दिवस होते. रात्री एका सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. घरचे लोक उपकेंद्रावर धावले, तर तिथे कुलूप. आशाताई धावून आली, तिने गाडीसाठी फोन केला. पण नाल्याला पूर होता आणि गाडी पलीकडच्या काठावरच अडली. शेवटी ट्रॅक्टरवर गादी टाकून पोरीला नेले. वाटेतच ती बाळंत झाली. पोरगी वाचली, बाळ वाचले नाही.

त्या पोरीची सासू आमच्या साक्षरतेच्या वर्गाला येत असे. वय साठीच्या वर. पंधरा दिवस ती वर्गाला आली नाही. मग एके दिवशी आली आणि म्हणाली, "गुरुजी, साहेबाले चिठ्ठी लिहा जी."

मी लिहिली. पत्र मोठे छान झाले, असे मला वाटले. "महोदय, आमच्या गावातील आरोग्याची दुरवस्था पाहून अंतःकरण विदीर्ण होते. तरी आपण जातीने लक्ष घालून गोरगरीब जनतेस न्याय द्यावा, ही नम्र विनंती." खाली चाळीस सह्या आणि अकरा अंगठे. हे पत्र आम्ही एका लोकप्रतिनिधींकडे पाठवले. ते कोण हेही सांगत नाही, कारण असे उत्तर कुणाकडूनही येऊ शकते.

दोन महिन्यांनी उत्तर आले. जाड पांढरा कागद, वर छापील नाव, खाली सही. मी ते वर्गात मोठ्याने वाचले :

"आपले निवेदन प्राप्त झाले. सदर विषयाबाबत योग्य त्या कार्यवाहीस्तव संबंधित विभागास कळविण्यात आले आहे. ग्रामीण जनतेच्या आरोग्यासाठी आम्ही सदैव कटिबद्ध आहोत."

वर्गात आनंद झाला. साहेबांनी उत्तर दिले! मलाही बरे वाटले. पण म्हातारीने तो कागद मागून घेतला. ओळीवर बोट ठेवून, एक एक अक्षर लावत, तिने तो सगळा वाचला. पाव तास गेला असेल. मग वर पाहून म्हणाली,

"गुरुजी, याच्यात नर्सबाई कुठी हाये जी? मले त दिसली नाही."

मी गप्प झालो.

ती पुढे म्हणाली, "आन् कटिबद्ध म्हंजे का जी?"

मी सांगितले, "कंबर बांधून तयार असणे."

"कंबर बांधून बसले हायेत म्हणा. पण उठत नाहीत!"

सगळे हसले. ती मात्र हसली नाही.

दोन : उत्तर आणि पोच

मंडळी, उत्तर आणि पोच यांत फरक असतो. पोच म्हणजे "तुमचा कागद मिळाला" एवढेच सांगणे. उत्तर म्हणजे तुम्ही जे विचारले ते सांगणे. आम्हाला पोच आली होती, आणि आम्ही ती उत्तर म्हणून डोक्यावर घेतली होती.

अशा पत्रांत काही ठरावीक शब्द असतात. ते ओळखायला शिका.

"योग्य ती कार्यवाही" : कोणती कार्यवाही ते सांगितलेले नाही.

"संबंधित विभाग" : कोणता विभाग, कोणता अधिकारी, ते सांगितलेले नाही.

"लवकरच" : तारीख नाही.

"कळविण्यात आले आहे" : कोणी कळवले, कोणत्या दिवशी, हे नाही.

"विचाराधीन आहे" : म्हणजे अजून काही ठरलेले नाही.

हे शब्द खोटे नसतात. पण रिकाम्या पोत्यासारखे असतात. बाहेरून पोते दिसते, हात घातला तर धान नाही.

आता दुसरी बाजूही ऐका. हे दुखणे आपल्याच गावचे नाही. अमेरिकेसारख्या देशात २००९ साली आरोग्य विम्याच्या नव्या कायद्यावर मोठा वाद झाला. त्या उन्हाळ्यात तिथले लोकप्रतिनिधी गावोगाव सभा घेत होते. लोक उभे राहून प्रश्न विचारत, संतापून ओरडत. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळत नाही, ही तक्रार तिथेही होती. तो कायदा २०१० च्या मार्च महिन्यात झाला. म्हणजे देश श्रीमंत असो की गरीब, लोकांचा प्रश्न एकच : "आम्ही विचारतो एक, तुम्ही सांगता दुसरे, असे का?"

आणखी एक विचार करा. साकोली विधानसभा मतदारसंघात साकोली, लाखनी आणि लाखांदूर हे तीन तालुके येतात. मतदार तीन लाखांहून जास्त. एवढ्या लोकांची पत्रे एका माणसाकडे जातात. ती आधी त्याचा मदतनीस वाचतो. पत्रात नेमके काही मागितलेले नसेल तर तो छापील उत्तर लावून मोकळा होतो.

आणि आमच्या पत्रात आम्ही काय मागितले होते? "लक्ष घालावे." त्यांनी लिहिले, "लक्ष घातले." अंतःकरण विदीर्ण झाल्याचे मी लिहिले. पण नर्सबाई कधीपासून येत नाही, ते लिहिले नाही. पहिली चूक माझीच होती. वर्गासमोर मी ती कबूल केली.

तीन : कोणाचे दार कोणते?

दुसरी चूकही आमचीच होती. कोणते दार कोणाचे, ते आम्हाला ठाऊक नव्हते. शेतात पाणी आले नाही तर आपण कोणाकडे जातो? ज्या तलावाचे पाणी, त्या तलावाचे पाणी वाटणाऱ्याकडे. दुसऱ्या गावच्या तलावावर जाऊन भांडलो तर पाणी मिळत नाही. आरोग्याचेही तसेच आहे.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते. सरकारच्या मापाप्रमाणे सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र हवे. डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक. या कामावर तालुक्याला तालुका आरोग्य अधिकारी आणि भंडाऱ्याला जिल्हा आरोग्य अधिकारी असतात. इथे विचारायचे ते आपल्या जिल्हा परिषद सदस्याला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या, त्या अशाच कामांसाठी.

ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय राज्य सरकार चालवते. त्यांच्यावर जिल्हा शल्य चिकित्सक असतात. इथे विचारायचे ते आमदारांना. राज्यघटनेने दवाखाने आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्याकडे दिले आहेत. आमदार विधानसभेत तारांकित प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी सूचना मांडू शकतात. मग मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते, आणि ते लिहून ठेवले जाते. हिवाळी अधिवेशन तर आपल्या नागपुरातच भरते.

खासदार दिल्लीला जातात. केंद्राच्या योजना आणि केंद्राचा पैसा यांबद्दल त्यांना विचारावे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. खासदारांना वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. आमदारांनाही असा निधी असतो. या निधीतून इमारत बांधता येते, रुग्णवाहिका घेता येते. पण नर्सबाईचा किंवा डॉक्टरचा पगार देता येत नाही. म्हणून आपण डॉक्टर मागतो आणि आपल्याला इमारत मिळते. नारळ फुटतो, पाटी लागते, फोटो निघतो. पाटीवरचे नावही बदलते. २०१८ नंतर उपकेंद्रांवर "आरोग्यवर्धिनी केंद्र" असे लिहिले गेले, २०२३ च्या अखेरीपासून "आयुष्मान आरोग्य मंदिर" असे नाव आले. नाव कोणतेही असो. देऊळ बांधले, पण पुजारीच नाही, तर दिवा कोण लावणार?

चार : भंडाऱ्याची ती रात्र

वेळेवर प्रश्न विचारणे किती मोलाचे आहे, ते आपल्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

९ जानेवारी २०२१. मध्यरात्र उलटून गेली होती. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळे होती. कोणी काही दिवसांचे, कोणी काही आठवड्यांचे. त्यांतली ७ वाचवता आली. १० बाळे गेली. त्यांच्या आया बहुतेक गोरगरीब, मजुरी करणाऱ्या घरच्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून सगळे आले. मुख्यमंत्री आले, मंत्री आले, विरोधी पक्षाचे पुढारी आले. प्रत्येक घराला ५ लाख रुपयांची मदत जाहीर झाली. चौकशी बसली. राज्यातल्या सगळ्या दवाखान्यांची आगीच्या दृष्टीने तपासणी करा, असा हुकूम निघाला. आग विझवण्याच्या सोयीचा प्रस्ताव आधीच वर गेला होता आणि तो कागदावरच राहिला होता, असे त्या दिवसांत वर्तमानपत्रांत छापून आले.

मंडळी, आग लागल्यावर सगळेच विचारतात. आग लागण्यापूर्वी विचारायचे कोणी? "या दवाखान्याची आगीची तपासणी शेवटी कोणत्या तारखेला झाली?" हा प्रश्न एका ओळीचा आहे. तो कोणीही विचारू शकतो. त्याला शिक्षण लागत नाही, तारीख मागण्याची सवय लागते.

पाच : दुसरे पत्र

आता आमच्या गावच्या गोष्टीकडे वळू.

म्हातारी म्हणाली, "गुरुजी, आता मी सांगतो, तुमी लिवा." आपल्याकडे बायाही "मी सांगतो" असेच म्हणतात. ती सांगत गेली, आम्ही लिहीत गेलो. पण त्याआधी आम्ही एक काम केले. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा नियम आहे. त्या सभेत बायकांनी ठराव केला. मग तो ग्रामसभेत मांडला. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा व्हायला हवी. तिला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांत जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. हजेरी भरली. ठराव झाला. ग्रामसेवकाकडून ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घेतली.

मग पत्र लिहिले. त्यात अंतःकरण नव्हते, चार प्रश्न होते :

१. आमच्या उपकेंद्रात आरोग्य सेविकेची किती पदे मंजूर आहेत?

२. त्यांतली आज किती भरलेली आहेत?

३. पद रिकामे असेल तर कोणत्या तारखेपासून? ते कोणत्या तारखेपर्यंत भरणार?

४. तोवर रात्रीच्या बाळंतपणासाठी कोणती सोय केली आहे?

"उत्तर कृपया ३० दिवसांत लेखी द्यावे. सोबत ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल जोडली आहे."

हे पत्र लोकप्रतिनिधींना दिले. एकेक प्रत तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांना दिली. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला.

उत्तर आले : "सदर उपकेंद्रातील पद भरलेले आहे."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. पद भरलेले आहे, आणि दाराला कुलूप! हे कसे?

मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. हा कायदा २००५ सालचा आहे. अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाने कार्डाची नक्कल जोडली तर तेही लागत नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय घ्यावा आणि अर्ज १५० शब्दांच्या आत असावा, असा नियम आहे. ३० दिवसांत माहिती मिळायला हवी. नाही मिळाली तर पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील. तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोगाचे खंडपीठ नागपूरला आहे.

या अर्जात "का?" असे विचारू नये. "नर्सबाई का येत नाही?" याला उत्तर मिळत नाही. जे कागदावर आहे तेच मागावे. आम्ही लिहिले, "उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेच्या गेल्या चौदा महिन्यांच्या हजेरीपटाच्या नकला आणि तिला दुसरीकडे काम दिले असल्यास त्या आदेशाची नक्कल द्यावी."

कागद आले. सेविकेचे नाव आमच्या उपकेंद्राच्या खात्यावर होते. पण चौदा महिन्यांपासून ती दुसऱ्याच ठिकाणी काम करत होती. तिला तसे तोंडी सांगितले होते. लेखी आदेशच नव्हता! त्या बाईचीही चूक नव्हती. तिला सांगितले तिथे ती जात होती.

तो कागद घेऊन आम्ही लोकप्रतिनिधींच्या घरी गेलो. म्हातारीही सोबत होती. त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "मला तर पद भरलेलं आहे असंच सांगितलं होतं." मला वाटते, ते खरे बोलत होते. त्यांनाही वरून पोचच मिळाली होती, आणि तीच त्यांनी आम्हाला पाठवली होती. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. फोनवर मात्र "योग्य ती कार्यवाही" म्हटले नाही. "कोणत्या तारखेला परत पाठवता?" एवढेच विचारले.

बारा दिवसांनी उपकेंद्राचे कुलूप उघडले.

सहा : काम पुरे झाले का?

नाही. खोटे सांगणार नाही. सेविकेचे राहण्याचे घर मोडकळीला आले आहे, म्हणून ती रात्री मुक्कामाला राहत नाही. नाल्यावरचा पूल अजून बुटकाच आहे. त्याचे पत्र आमचे चालू आहे. आणि गेलेले बाळ तर कोणत्याच पत्राने परत येत नाही.

पण एक गोष्ट बदलली. आता गावात कोणाला पत्र आले की बाया विचारतात, "तारीख हाये का? नाव हाये का?"

महाराष्ट्रात २००७ सालापासून काही जिल्ह्यांत असे काम पद्धतशीर सुरू झाले. त्याला "लोकाधारित देखरेख" म्हणतात. सुरुवात अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत झाली. गावातले लोकच दवाखान्याची पाहणी करीत. सेवा चांगली असेल तर तक्त्यावर हिरवा रंग, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग जनसुनवाई भरे. अधिकारी पुढे बसत, लोक उभे राहून विचारत, आणि उत्तर सगळ्यांसमोर द्यावे लागे. एकट्याला दिलेले रिकामे उत्तर खपते. शंभर माणसांसमोर ते देताना जीभ अडखळते.

आपला हक्क काय, तेही माहीत असू द्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत करण्यात आले. सरकारी दवाखान्यातले बाळंतपण तर २०११ पासूनच मोफत आहे. अडचणीच्या वेळी १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका मागवता येते. ही काही कोणाची मेहेरबानी नाही. आपण काडेपेटी घेतो, साबण घेतो, त्यातही कर भरतो. त्याच पैशावर दवाखाना चालतो.

म्हणून रागावू नका असे मी म्हणणार नाही. राग येणारच, आणि यावा. पण राग चव्हाट्यावर ओरडून संपवू नका. तो कागदावर उतरवा, त्यावर तारीख घाला आणि पोच घ्या. लोकप्रतिनिधी पाच वर्षांनी आपल्या दारी येतात, तेव्हा तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. शिवी देऊ नका, पाया पडू नका. पाणी द्या, बसायला सतरंजी टाका, आणि विचारा, "भाऊ, या चार प्रश्नांपैकी कोणत्याचं उत्तर आणलं?"

आमची म्हातारी आता सही करते. अंगठा देत नाही. सहीच्या खाली ती न विसरता तारीख घालते.

विचार करा आणि लिहा

१. पोच आणि उत्तर यांत काय फरक आहे? तुमच्या शब्दांत सांगा.

२. तुमच्या गावचे उपकेंद्र आठवड्यातून किती दिवस उघडे असते? एक महिना रोज पाहा आणि वहीत टिपून ठेवा.

३. "लक्ष घालावे ही विनंती" हे वाक्य बदलून नेमका प्रश्न लिहा.

४. तुमच्या घरी आलेले एखादे सरकारी पत्र वर्गात आणा. त्यात तारीख, नाव आणि काम या तीन गोष्टी आहेत का, ते सगळ्यांनी मिळून शोधा.